जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताय? आधी स्क्रू-ड्रायव्हर घ्या

गेल्या ऑक्टोबरात डेट्रॉइटजवळच्या नोव्हायहून एका मित्राचा फोन आला. "अरे, १९७४ची स्ट्रॅट मिळतेय. एकदम ओरिजिनल आहे म्हणे. साडेतीन हजार डॉलर. घेऊन टाकू?" (स्ट्रॅट म्हणजे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार.) पाठोपाठ फोटो आले. एक समोरून, एक मागून, आणि एकात गिटार केसमध्ये पहुडलेली, शेजारी विकणाऱ्याची मांजर. मी म्हटलं, मांजर ओरिजिनल दिसतेय, बाकीचं उघडून बघावं लागेल.

मी सोळा वर्षं डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. पोटापाण्यासाठी गाड्यांच्या रंगाचं काम करतो आणि शनिवार-रविवारी जुन्या गिटार बघत हिंडतो. घेतो कमी, बघतो जास्त. त्या मित्राला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा फोन मला वर्षातून चार-पाचदा येतो. वाजवता येतं पण जुन्या गिटारच्या बाजारात पाऊल टाकलेलं नाही, अशांसाठी हे आहे.

कोणत्या काळातली आहे?

हे आधी डोक्यात बसवा, कारण किमतीचा पाया तिथे आहे. फेंडरचा मूळ कारखाना कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा. १९५०मध्ये त्यांनी ब्रॉडकास्टर नावाची सॉलिड बॉडीची, म्हणजे पोकळ नसलेली, भरीव लाकडाची गिटार आणली. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव जवळपास तेच असल्यामुळे तक्रार आली आणि १९५१मध्ये तिची टेलिकास्टर झाली. मधले काही महिने हेडस्टॉकवर (नेकच्या टोकाला तारांच्या खुंट्या असतात तिथे) नुसतं 'फेंडर' होतं. त्या गिटारना आज 'नोकास्टर' म्हणतात आणि त्या बिननावाचेच जास्त पैसे पडतात. स्ट्रॅटोकास्टर आली १९५४मध्ये. जानेवारी १९६५मध्ये सीबीएस या कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली आणि बाजाराने तिथे रेघ मारली: 'प्री-सीबीएस' म्हणजे सोनं, नंतरचं ते नंतरचं. १९८५मध्ये कंपनीतल्याच लोकांनी ती परत घेतली.

गिब्सन मूळची आमच्या मिशिगनची. माझ्या घरून दोन तासांवर कालामाझूला पार्सन्स स्ट्रीटवर जुना कारखाना आहे, उंच चिमणीसकट. तिथली लेस पॉल ही गिटार १९५२ची. तिला हमबकर पिकअप (तारांचा आवाज पकडणारे, दोन वेटोळ्यांचे) १९५७मध्ये लागले आणि १९५८ ते १९६० या काळातल्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉलना आज काही लाख डॉलर पडतात. गंमत अशी, की तेव्हा त्या खपत नव्हत्या, म्हणून १९६१मध्ये गिब्सनने आकारच बदलला. तो आकार म्हणजे आजची एसजी. जुना आकार १९६८मध्ये परत आला. पुढे मालकी नॉर्लिन या कंपनीकडे गेली, सत्तरीच्या मध्यावर नॅशव्हिलला नवा कारखाना झाला आणि १९८४मध्ये कालामाझूचा बंद पडला. तिथल्या काही जुन्या कामगारांनी पुढच्या वर्षी त्याच इमारतीत हेरिटेज नावाने गिटार करायला सुरुवात केली.

या रेघा किमतीच्या आहेत, दर्जाच्या नाहीत. १९६३ची मरगळलेली स्ट्रॅट मी हातात घेतलीय आणि १९७२ची खणखणीतही.

बघायला जाताना

फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च, भिंग, मल्टीमीटर, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, कॅपो, ट्यूनर, सहा इंची स्टीलची पट्टी आणि स्क्रू ठेवायला एक वाटी. (वाटी विसरू नका. कार्पेटमध्ये हरवलेला १९६४चा स्क्रू शोधण्याइतकं लाजिरवाणं काम नाही.) जाण्यापूर्वी फोनवरच विचारून घ्या: "पिकगार्ड उघडून बघितलं तर चालेल ना?" (पिकगार्ड म्हणजे तारांखालची प्लास्टिकची पाटी.) नाही म्हणाले तर पेट्रोल वाचलं.

पहिल्यांदा वाजवा, आणि नेक बघा

अॅम्पला न जोडता वाजवा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर. कुठे खरखर होते, कुठे सूर लगेच मरतो, ते लक्षात ठेवा. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. जास्त असेल तर नेक पुढे वाकलीय. फटच नसेल तर मागे. वाकणं हा दोष नाही, ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईने, ते सरळ होतं. प्रश्न तेव्हा, जेव्हा रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असतो आणि फट तरीही तशीच. गिब्सनमध्ये रॉडचा नट हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाखाली असतो. जुन्या फेंडरमध्ये तो नेकच्या बॉडीकडच्या टोकाला, म्हणजे नेक उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. १९७१च्या सुमारास स्ट्रॅटवर तो हेडस्टॉकवर आला, बंदुकीच्या गोळीसारखा दिसणारा.

पीळ बसलेली नेक मात्र सोडून द्या. ब्रिजकडून हेडस्टॉककडे, दाराची चौकट पारखणारा सुतार बघतो तसं एक डोळा मिटून बघा. दोन्ही कडा एकाच पातळीत गेल्या पाहिजेत.

फ्रेट झिजलेले असतील तर घाबरू नका. फ्रेट म्हणजे गाडीचे टायर. चांगल्या हाताने बदललेले असतील तर किंमत फारशी पडत नाही. पन्नास वर्षांच्या गिटारवर कोरे करकरीत मूळ फ्रेट असतील तर उलट मला शंका येते: ही कोणी वाजवलीच नाही, ती का?

आणखी एक. जुन्या फेंडरचा फिंगरबोर्ड बराच गोलाकार असतो, ७.२५ इंच त्रिज्येचा. वरच्या फ्रेटवर तार जोरात ओढली की सूर गुदमरतो. तो बिघाड नाही, घडणच तशी. गिब्सनचा १२ इंचांचा, म्हणजे बराच सपाट. दोन्ही वाजवून ठरवा, नाहीतर घरी आणून वर्षभर बोटं आणि नशीब यांना दोष देत बसाल.

गिब्सनची मान

इथे मी स्वतः फसलोय. माझी पहिली जुनी गिटार १९७२ची लेस पॉल डिलक्स, शिकागोजवळच्या एका दुकानातून घेतलेली. सोनेरी रंग, सुंदर वजन, दुकानदार गोड. जानेवारीत घरातलं हीटिंग सुरू झालं, हवा कोरडीठाक झाली आणि एका सकाळी नटच्या (रॉडचा नव्हे, फिंगरबोर्डच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) मागे, नेकच्या पाठीवर केसाएवढी बारीक रेघ उमटली, हसऱ्या तोंडासारखी वाकडी. हेडस्टॉक कधीतरी तुटलेलं होतं, चिकटवून वरून रंग मारला होता. दुकानाने कानावर हात ठेवले.

कारण साधं आहे. गिब्सनची नेक महॉगनीची आणि हेडस्टॉक मागे कललेलं; मूळ कोन १७ अंशांचा. ट्रस रॉडच्या नटसाठी नेमकं तिथेच लाकूड कोरून काढलेलं. गिटार स्टँडवरून मागे पडली की तिथेच कडाका. साठीच्या मध्यावर त्यांनी कोन १४ अंशांवर आणला, १९७०च्या सुमारास नटमागे लाकडाचा उंचवटाही ठेवला, ज्याला व्होल्यूट म्हणतात. माझ्या गिटारला दोन्ही होतं, तरी तुटलीच. संग्राहकांना तो उंचवटा आवडत नाही ते वेगळंच.

म्हणून: नटच्या मागचा भाग टॉर्च आडवा धरून बघा, समोरून नाही. अंगठा फिरवा. रंग तिथेच थोडा गडद किंवा जाड वाटतोय का? मग अल्ट्राव्हायोलेट टॉर्च लावा. जुना नायट्रो लॅकर (नायट्रोसेल्युलोजचं वॉर्निश) त्या उजेडात फिकट हिरवट-पिवळा चमकतो. नंतर मारलेला रंग काळपट ठिगळासारखा उठून दिसतो. ही टॉर्च पंधरा डॉलरला मिळते. माझ्याकडे तेव्हा नव्हती.

चांगली दुरुस्ती झालेली गिटार वाजायला बहुतेक वेळा अगदी ठीक असते, हेही सांगून टाकतो. माझी अजून वाजते. पण किमतीतून बाजार साधारण अर्धे पैसे कापतो, आणि मी पूर्ण मोजले होते.

रंग

हा माझा धंदा, तेव्हा थोडं सहन करा. फेंडरचे 'कस्टम' रंग मूळचे आमच्या डेट्रॉइटच्या गाड्यांचे. फिएस्टा रेड १९५६च्या फोर्ड थंडरबर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू १९५८च्या कॅडिलॅकचा. ड्यूपाँट या रंगकंपनीचे डबे दोन्हीकडे जायचे. रंगावर नायट्रोचा पारदर्शक थर असे आणि तो वर्षानुवर्षं पिवळा पडत जातो. त्यामुळे पांढरा रंग सायीसारखा दिसतो, निळा हिरवट होतो. पिकगार्ड उचललं की खाली ऊन न लागलेला मूळ निळा सापडतो. तो फरक दिसला नाही तर विचारा, का?

नायट्रोला बारीक तडे जातात, कडांवर तो झिजतो, घामाने मऊ होतो. १९६८च्या आसपास फेंडरने जाड पॉलिएस्टर वापरायला सुरुवात केली. तो झिजत नाही, टवका उडतो, काचेसारखा. १९७५च्या स्ट्रॅटवर कोपरापाशी अलगद झिजलेलं लाकूड दिसलं, तर ते काळाने नाही, सँडपेपरने केलंय.

१९६४पर्यंतच्या फेंडर बॉडीवर एक खूण शोधा. रंगवताना बॉडी बारीक खिळ्यांवर टेकवून ठेवत आणि रंग वाळल्यावर खिळे काढत. त्यामुळे पिकगार्डखाली वगैरे छोटी भोकं असतात, आणि त्यांच्या आत रंग नसतो. रंग असेल, तर बॉडी नंतर पुन्हा रंगवलीय. रंग पुन्हा मारलेला असेल तर किंमत निम्मी धरा, काम कितीही सुबक असो.

पोटातलं बघा

तारा सैल करून काढा. साठीपासूनच्या स्ट्रॅटच्या पिकगार्डला ११ स्क्रू असतात, पन्नाशीतल्यांना ८. वाटीत टाका, पिकगार्ड हळूच उलटा. आत गोल धातूचे पॉट दिसतील, व्हॉल्यूम आणि टोनचे. त्यांच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन कंपनीचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. उरलेल्यात वर्ष आणि आठवडा. १३७७४०८ म्हणजे सीटीएसने १९७४च्या आठव्या आठवड्यात केलेला पॉट. पन्नाशीतल्या पॉटवर वर्षाचा एकच आकडा असू शकतो.

गिटार त्या तारखेच्या आधीची असूच शकत नाही. नंतरची मात्र असू शकते. फेंडरने १९६६मध्ये पॉटचा एवढा साठा घेतला, की तो पुढची दोन-तीन वर्षं वापरात होता. तेव्हा १९६८च्या गिटारमध्ये ६६चे पॉट सापडले तर भांडू नका.

मग सोल्डर बघा. जुनं सोल्डर मंद, धुरकट, नवं चकचकीत. एकाच पॉटवर दोन्ही दिसलं, तर तिथे कोणाचा तरी हात फिरलाय. मल्टीमीटरने पिकअप मोजा. स्ट्रॅटचे साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम. पन्नाशीतल्या गिब्सन हमबकरचे सात ते नऊच्या दरम्यान कुठेही, कारण त्या काळी तारेचे वेढे मोजून घातले जात नव्हते. त्यांच्या तळाशी 'पेटंट अप्लाइड फॉर'चा स्टिकर असतो. पुढे पेटंट क्रमांकाचा स्टिकर आला, २,७३७,८४२. तो क्रमांक पिकअपचा नाहीच, लेस पॉलच्या टेलपीसच्या (तारांची खालची टोकं अडकतात त्या भागाच्या) पेटंटचा आहे. नवख्याला कोणी 'बघ, नंबर चुकीचा, नकली आहे' म्हणाला, तर त्याला हे सांगा.

नेक उतरवायला मिळाली तर तिच्या टोकावर बघा. १९६२पर्यंत पेन्सिलने तारीख असायची, नंतर शिक्का, '२ मार्च ६६ बी' अशासारखा. त्यातला पहिला आकडा तारीख नाही, मॉडेलचा संकेत आहे. अक्षर म्हणजे नटपाशी नेकची रुंदी. 'बी' ही नेहमीची.

सिरीयल नंबर सगळ्यात शेवटी

सगळे तिथून सुरुवात करतात. १९७६पर्यंत स्ट्रॅटचा नंबर नेकच्या पाठच्या प्लेटवर असायचा, आणि प्लेट तीन-चार स्क्रू काढले की दुसऱ्या गिटारला लागते. गिब्सनने साठीत तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरले, तिथे नुसत्या नंबरवर वर्ष सांगणारा एकतर भोळा किंवा विक्रेता. १९७७पासून मात्र त्यांची पद्धत सरळ झाली: आठ आकडे, त्यातला पहिला आणि पाचवा मिळून वर्ष, मधले तीन वर्षाचा कितवा दिवस.

पॉट, नेक, रंग, पिकगार्ड, प्लेट, सगळ्यांनी साधारण एकच वर्ष सांगितलं पाहिजे. लग्न जमवताना चार ठिकाणी चौकशी करतात ना, तसं. एकजण वेगळं बोलला तर कारण विचारायचं. तिघं वेगळं बोलले तर चहा घेऊन निघायचं.

पैसे

आधी सगळं मूळ असलेल्या तशाच गिटार खरोखर कितीला *विकल्या गेल्या* ते शोधा. कितीला लावल्यात ते नाही. ऑनलाइन लावलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याचं स्वप्न. त्यातून कापत चला. पुन्हा रंगवलेली, निम्मी. हेडस्टॉक तुटलेलं, जवळपास निम्मी. बॉडी कोरून मोठे पिकअप बसवलेले, मोठी कपात. लेस पॉल डिलक्समध्ये हे फार दिसतं, कारण तिच्या छोट्या हमबकरना लोक कंटाळायचे. ट्युनिंग पेग बदलून जादा भोकं पाडलेली, थोडी. एखादा पॉट बदललेला, किरकोळ.

आणि मालकाची गोष्ट. 'ही अमुक बँडच्या माणसाची होती.' पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरची काळी स्ट्रॅट २०१९मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. तिच्यात इतके बदल केलेले होते, की दुसऱ्या कोणाची असती तर वरच्या हिशोबाने काहीच उरलं नसतं. ते पैसे हाताचे होते. कागद नसेल तर गोष्टीचे शून्य डॉलर.

पहिल्यांदा घेणाऱ्याला मी नेहमी 'प्लेयर्स ग्रेड' सुचवतो: लाकूड आणि नेक जुनी, खरी, रंग किंवा पिकअप बदललेले. दुसऱ्याने नुकसान सोसून झालेलं असतं. त्याहून कमी बजेट असेल तर जपानी बघा. फेंडर जपान १९८२मध्ये सुरू झाली, तिच्या सुरुवातीच्या 'जेव्ही' नंबरच्या गिटार उत्तम आहेत. टोकाई आणि ग्रेकोही. फक्त 'लॉसूट' (म्हणजे खटला) या शब्दाचे पैसे देऊ नका. खटला खरा होता, १९७७मध्ये नॉर्लिनने आयबानेझ या जपानी गिटारच्या अमेरिकी वितरकावर हेडस्टॉकच्या आकारावरून भरलेला. पण विक्रेते आता तो शब्द सत्तरीतल्या कुठल्याही जपानी गिटारला चिकटवतात.

भारतात न्यायची असेल तर

साठीच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक चांगल्या गिटारचा फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा आहे. ते लाकूड १९९२पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे परवान्याशिवाय सीमा ओलांडायची नाही, वाद्य कितीही जुनं असो. साठीच्या उत्तरार्धात दोन्ही कंपन्या भारतीय रोझवूडवर आल्या. ते म्हणजे आपला शिसव. आजीचा झोपाळा आणि माझ्या लेस पॉलचा फिंगरबोर्ड एकाच जातीचे, हे कळल्यावर आईने त्या गिटारकडे पहिल्यांदा आदराने पाहिलं. शिसवाच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९पासून सूट आहे.

मिशिगनच्या हिवाळ्यातून थेट डोंबिवलीच्या जुलैत नेली तर नेक हलणारच. दोन आठवडे केसमध्ये राहू द्या, मग ट्रस रॉडला हात लावा. आणि रबरी स्टँडवर नायट्रोची गिटार ठेवू नका. रबर रंग खातं.

तर, ती १९७४ची स्ट्रॅट. आम्ही दोघं रविवारी गेलो. विकणारे आजोबा सज्जन, कॉफी दिली, 'उघडा की' म्हणाले. नेक सरळ, रॉड मोकळा. दोन पॉट ७४चे, एक ७९चा. ब्रिजच्या पिकअपखाली मात्र कोणीतरी पटाशीने लाकूड कोरलं होतं, कधीकाळी हमबकर बसवायला. नव्या पिकगार्डने ते झाकलं गेलं होतं. आजोबा खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, हा माझ्या भावाचा उद्योग असणार, गिटार दोन वर्षं त्याच्याकडे होती. एकवीसशेला सौदा झाला. निघताना अकरापैकी दहाच स्क्रू वाटीत होते, अकरावा मांजरीने सोफ्याखाली नेला होता.